भाग्यपत्रिकेचे गणित

पावसाळा ओसरू लागला की शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक शाळांच्या हाती येते. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि शेवटी राज्य, अशी ही चढण असते. म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे, शहादा तालुक्यातले गाव. इथून तोरणमाळकडे रस्ता जातो. अशा गावातला खो-खोचा संघ पहाटे उठून एसटीने तालुक्याच्या मैदानावर जातो. पहिलाच सामना गेल्या वर्षीच्या विजेत्याशी पडतो. तासाभरात संघ हरतो आणि दुपारच्या गाडीने परत येतो. दोन-तीन महिन्यांचा सराव एका तासात संपतो. परतीच्या वाटेवर कोणीतरी म्हणतेच, "सर, या वर्षी आपली भाग्यपत्रिकाच वाईट निघाली."

यावर आमचे उत्तर ठरलेले असे. "चिठ्ठ्या सर्वांच्या देखत टाकल्या होत्या, त्यात अन्याय कसला?" एकदा नववीतल्या एका मुलीने विचारले, "चिठ्ठीने अन्याय केला नाही हे खरे. पण न्याय केला का?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न गणिताने सोडवता येण्याजोगा आहे आणि तोही शाळेतल्याच गणिताने.

प्रश्न किरकोळ नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, संघाने कोणत्या पातळीपर्यंत मजल मारली आणि त्याचा कितवा क्रमांक आला, यांवर अवलंबून असतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, तिथेही अशीच प्रमाणपत्रे लागतात. तेव्हा दुसरा आणि तिसरा क्रमांक कोणाला मिळतो, हा केवळ मानाचा प्रश्न राहत नाही.

बाद पद्धत आणि पुढे चाल

समजा, तालुक्यात खो-खोचे १२ संघ आहेत. बाद पद्धतीने किती सामने होतील? मुले बहुधा फेऱ्या मांडून मोजू लागतात. पण सोपी वाट अशी, की प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो. शेवटी एक विजेता उरायचा तर ११ संघ बाद व्हायला हवेत, म्हणून सामने ११. संघ कितीही असोत, सामने त्यांच्यापेक्षा एकाने कमी. हेच १२ संघ साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाशी, खेळायचे ठरले तर १२ × ११ ÷ २ = ६६ सामने होतील. एका मैदानावर दिवसाला आठ सामने धरले तरी आठ-नऊ दिवस लागतील. इतके दिवस मुलांची राहण्या-जेवणाची सोय कोण करणार? बाद पद्धत सर्वत्र चालते ती न्याय्य आहे म्हणून नव्हे, तर ती लवकर संपते म्हणून.

बाद पद्धतीत फेऱ्या नीट बसायच्या तर संघ २, ४, ८, १६ अशा संख्येत हवेत. आपल्याकडे १२ आहेत. १६ ला ४ कमी पडतात, म्हणून ४ संघांना पहिल्या फेरीत 'पुढे चाल' द्यावी लागते. उरलेले ८ संघ चार सामने खेळतात, त्यांतून ४ निघतात आणि दुसऱ्या फेरीत ८ संघ होतात.

आता असे धरू की बाराही संघ अगदी तुल्यबळ आहेत, म्हणजे प्रत्येक सामना नाणेफेकीसारखाच. ज्याला पुढे चाल मिळाली त्याला अजिंक्य व्हायला ३ सामने जिंकायला हवेत, म्हणून त्याची शक्यता १/२ × १/२ × १/२ = १/८. ज्याला ती मिळाली नाही त्याला ४ सामने जिंकायला हवेत, म्हणून त्याची शक्यता १/१६. चार संघांचे १/८ आणि आठ संघांचे १/१६ मिळवले की बेरीज १ येते, म्हणजे हिशेब बरोबर आहे. पण सामने सुरू होण्याआधीच चार संघांची शक्यता इतरांच्या दुप्पट झाली, हेही या हिशेबात दिसते. शिवाय सकाळी एक सामना खेळून दमलेला संघ दुपारी ताज्या संघासमोर उभा राहतो. तो तोटा या आकड्यांत धरलेलाच नाही.

चिठ्ठी निःपक्षपाती आहे याचा अर्थ एवढाच की चिठ्ठी उचलण्यापूर्वी सर्वांना सारखी संधी होती. ती उचलल्यानंतर संधी सारखी राहत नाही. 'निःपक्षपाती' आणि 'न्याय्य' या दोन शब्दांतले अंतर आहे ते इथे.

दुसरा क्रमांक कोणाचा?

आता तुल्यबळाची कल्पना सोडू आणि उलट टोकाला जाऊ. समजा ८ संघ आहेत, त्यांची खरी गुणवत्ता १ ते ८ अशी ठरलेली आहे आणि सरस संघ नेहमीच जिंकतो. मग चिठ्ठी कशीही निघो, क्रमांक १ चा संघच अजिंक्य होणार. विजेत्याबाबत बाद पद्धत चोख आहे.

उपविजेत्याचे काय? भाग्यपत्रिकेत ८ जागा आहेत, चार वरच्या अर्ध्यात आणि चार खालच्या. क्रमांक १ एका जागी बसला. उरलेल्या ७ जागांपैकी ४ जागा दुसऱ्या अर्ध्यात आहेत. क्रमांक २ चा संघ त्या चारांपैकी एका जागी आला तरच अंतिम सामन्यात पोचेल. म्हणजे त्याची शक्यता ४/७. उरलेल्या ३/७ वेळा, म्हणजे सुमारे ४३ टक्के वेळा, तो वाटेतच क्रमांक १ ला सापडून बाद होईल. १/७ वेळा तर पहिल्याच फेरीत!

मग उपविजेतेपद कोणाला मिळते? ३५ भाग्यपत्रिका काढल्या तर सरासरीने २० वेळा ते खऱ्या क्रमांक २ ला मिळेल, १० वेळा क्रमांक ३ ला, ४ वेळा क्रमांक ४ ला आणि १ वेळा क्रमांक ५ ला. शेवटचा प्रकार कसा घडतो? पहिले चारही संघ एकाच अर्ध्यात अडकले तर दुसऱ्या अर्ध्यातला सर्वांत सरस संघ पाचवा असतो आणि तोच अंतिम सामना खेळतो. त्याने काही गैर केलेले नसते, पण तिकडे दुसरा, तिसरा आणि चौथा हे तिघे उपांत्य फेरीपर्यंतच बाद झालेले असतात.

हे वर्गात सहज करून पाहता येते. १ ते ८ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, ओळीने मांडा, शेजारच्या जोडीतला लहान आकडा पुढे न्या, असे शेवटपर्यंत करा आणि अंतिम सामन्यात कोण हरले ते फळ्यावर लिहा. पाच-पाच मुलांचे सात गट करून प्रत्येक गटाने दहा वेळा प्रयोग केला तर ७० निकाल हाती येतात. त्यांत २, ३, ४ आणि ५ हे आकडे साधारण ४०, २०, ८ आणि २ वेळा यायला हवेत. थोडा फरक पडेल, तो का पडतो यावरही चर्चा होऊ शकते.

हा दोष काही आजच ध्यानात आलेला नाही. 'ॲलिस'च्या गोष्टी लिहिणारे लुईस कॅरोल हे मूळचे ऑक्सफर्डचे गणिताचे अध्यापक, चार्ल्स डॉजसन. त्यांनी १८८३ साली लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका काढली आणि ३२ खेळाडूंच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता फक्त १६/३१ आहे, हे दाखवले. आपण वर केला तोच हा विचार. दुसऱ्या अर्ध्यातल्या जागा भागिले उरलेल्या सर्व जागा.

हरलेल्यांतला सर्वांत सरस

यावर एक सुंदर उपाय आहे. क्रमांक २ चा संघ हरला तर तो फक्त क्रमांक १ कडूनच हरू शकतो. म्हणून विजेत्याकडून जे हरले त्यांच्यातच तो असणार. ८ संघांच्या स्पर्धेत विजेता ३ संघांना हरवतो, एकाला पहिल्या फेरीत, एकाला उपांत्य आणि एकाला अंतिम सामन्यात. या तिघांत दोन सामने खेळवले की खरा उपविजेता मिळतो. ७ सामन्यांच्या जागी ९ झाले, एवढाच खर्च. संगणकशास्त्रात आकड्यांच्या ढिगातून दुसरा मोठा आकडा शोधताना हीच युक्ती वापरतात.

कुस्तीत याच जातीची सोय आहे. तिला 'रेपेचाज' म्हणतात. अंतिम फेरी गाठणाऱ्या मल्लाकडून जे हरले त्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा लढता येते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत हरली होती. तिला हरवणारी रशियाची मल्ल अंतिम फेरीत गेली, म्हणून साक्षीला पुन्हा संधी मिळाली आणि तिने कांस्यपदक जिंकले. साध्या बाद पद्धतीत ती त्याच फेरीत घरी गेली असती.

मानांकन

दुसरा उपाय आधीच करण्याचा आहे. सर्वांत बलवान समजले जाणारे दोन संघ भाग्यपत्रिकेच्या दोन टोकांना ठेवायचे, तिसरा आणि चौथा वेगवेगळ्या चतुर्थांशांत ठेवायचे. यालाच मानांकन म्हणतात. ८ संघांना पूर्ण मानांकन दिले तर पहिली फेरी १ विरुद्ध ८, ४ विरुद्ध ५, ३ विरुद्ध ६ आणि २ विरुद्ध ७ अशी लागते. प्रत्येक जोडीची बेरीज ९ येते, हे मुलांना शोधू द्यावे. विंबल्डनला १९२७ पासून गुणवत्तेनुसार मानांकन देण्याची पद्धत आहे.

मग शालेय स्पर्धांत सरसकट मानांकन द्यावे का? इथे जरा थांबायला हवे. टेनिसपटू वर्षभर खेळतो आणि त्याच्या कामगिरीचा हिशेब दर आठवड्याला होतो. शाळेच्या संघाबाबत आपल्याजवळ फार तर गेल्या वर्षीचा निकाल असतो. पण वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असल्याने गेल्या वर्षीचे निम्मे खेळाडू या वर्षी त्या गटात असतीलच असे नाही. नाव शाळेचे तेच असते, संघ दुसराच असतो.

आणखी एक अडचण आहे. मानांकित संघाला सुरुवातीचे सामने सोपे मिळतात, म्हणून तो उपांत्य फेरीपर्यंत पोचतो. तिथे पोचला म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा मानांकन मिळते. नव्याने स्पर्धेत उतरलेल्या, डोंगरातल्या एखाद्या आश्रमशाळेच्या संघाला मात्र दर वर्षी पहिल्याच फेरीत सर्वांत बलवान संघ समोर येतो. चिठ्ठीची चूक एका वर्षी एकाला तर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला भोवते. चुकीच्या मानांकनाची चूक दर वर्षी त्याच संघाला भोवते. म्हणून मानांकन थोडेच द्यावे, म्हणजे गेल्या वर्षीचे पहिले चार संघ चार चतुर्थांशांत ठेवून बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात, हे शहाणपणाचे ठरते.

गट कसे पाडावेत?

आतापर्यंत एकाच मैदानावरचा विचार केला. पण तालुका, जिल्हा आणि विभाग हेही गटच आहेत आणि त्यांच्या सीमा खेळासाठी आखलेल्या नाहीत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्या दिवशी शहादा, तळोदे, अक्कलकुवा किंवा धडगावच्या एकाही खेळाडूचा वेग वाढला नाही, पण विभागीय स्पर्धेचा रस्ता धुळ्याच्या संघांना ओलांडून जात होता तो बदलला. सीमा बदलली की संधी बदलते.

गटांचा परिणाम किती मोठा असतो याचे उत्तम उदाहरण रणजी करंडकात सापडते. १९५७-५८ पासून देशाच्या पाच विभागांत साखळी सामने होऊ लागले आणि प्रत्येक विभागातला फक्त पहिला संघ बाद फेरीत जाऊ लागला. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे संघ होते. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा मुंबईने करंडक जिंकला. याचा अर्थ असा की १९५८-५९ ते १९६९-७० या १२ हंगामांत पश्चिम विभागातून दर वेळी मुंबईच पुढे गेली आणि महाराष्ट्राच्या संघाला, ज्याच्या क्षेत्रात आपला खानदेशही येतो, बाद फेरीचे दार एकदाही उघडले नाही. याच १२ हंगामांत राजस्थानचा संघ ७ वेळा अंतिम सामन्यात मुंबईशी खेळला. राजस्थान चांगला संघ होता, यात शंका नाही. पण महाराष्ट्र त्याच्याहून सरस होता की नव्हता, हे मैदानावर ठरण्याची सोयच नव्हती.

१९७०-७१ साली नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ घेण्यात आले. त्याच वर्षी अंतिम सामना झाला तो मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात. वाडेकर, सरदेसाई आणि गावसकर हे मुंबईचे खेळाडू तेव्हा भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४८ धावांनी विजय मिळवला. एका वर्षाच्या निकालावरून आधीच्या बारा वर्षांचा निवाडा करता येणार नाही. तरी देशातले शेवटचे दोन संघ एकाच विभागातले असू शकतात आणि 'एका गटातून एकच' हा नियम ते झाकून ठेवतो, एवढे यातून नक्की दिसते.

आपल्याकडे हाच नियम लावून पाहू. समजा एका तालुक्यात १६ तुल्यबळ संघ आहेत, दुसऱ्यात ४ आणि दोन्हीकडून एकेकच संघ जिल्ह्याला जातो. पहिल्या तालुक्यातल्या संघाची शक्यता १/१६, दुसऱ्यातल्याची १/४. शिवाय नंदुरबार जिल्ह्यात तालुके ६ आहेत. सहा संघांच्या बाद स्पर्धेत ८ वजा ६, म्हणजे दोघांना पुढे चाल मिळते आणि ते दोघे एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत, म्हणजे पहिल्या चारांत, जाऊन बसतात.

पण याला दुसरी बाजू आहे. प्रत्येक तालुक्याला एक जागा राखली नाही, तर दुर्गम भागातल्या मुलांना जिल्ह्याचे मैदान कधी दिसायचेच नाही. सर्वांत सरस संघ निवडणे हा एक न्याय, सर्व भागांतल्या मुलांना वाट मोकळी ठेवणे हा दुसरा. दोन्ही एकाच नियमाने पुरते साधत नाहीत. कोणता किती साधायचा, हे गणित ठरवत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते. गणित त्याची किंमत तेवढी सांगते.

हरण्यात फायदा

गटसाखळी ठेवली की एक नवाच धोका उभा राहतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनला आधी गटसाखळी आणि मग बाद फेरी होती. गटात पहिले आलो तर पुढे कोण आणि दुसरे आलो तर कोण, हे शेवटच्या सामन्याआधीच कळत होते. परिणामी चार जोड्यांनी मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केला आणि त्या चारही अपात्र ठरल्या. त्याच स्पर्धेत वर्ध्यात जन्मलेली ज्वाला गुट्टा आणि तिची जोडीदार अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन सामने जिंकूनही केवळ एका गुणाच्या फरकाने गटातच बाद झाल्या. पुढे जागतिक बॅडमिंटन महासंघाने नियम बदलला. गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची जागा साखळी संपल्यावर पुन्हा चिठ्ठ्यांनी ठरू लागली. जी चिठ्ठी न्याय देऊ शकत नाही म्हणून आपण तक्रार करत होतो, तीच इथे उपयोगी पडली, कारण चिठ्ठीचा डाव आधी कोणाला रचता येत नाही.

आपल्या हाती काय आहे?

वरच्या पातळीवरचे नियम शिक्षकांच्या हाती नसतात. पण आंतरवर्गीय सामने, केंद्र पातळीवरच्या स्पर्धा आणि गावच्या मंडळाचे सामने पुष्कळदा आपणच भरवतो. १२ संघांचे तीन-तीनचे चार गट केले तर साखळीचे १२, उपांत्य २ आणि अंतिम १ असे १५ सामने होतात. बाद पद्धतीपेक्षा फक्त ४ जास्त, पण प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. दुरून आलेली मुले एकाच तासात परत जात नाहीत. मात्र एवढ्याने उपविजेत्याचा प्रश्न सुटत नाही. पहिले दोन संघ वेगवेगळ्या अर्ध्यांत पडण्याची शक्यता इथेही ६/११ च राहते. त्यासाठी थोडे मानांकन किंवा वर सांगितलेले जादा सामने हवेतच.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नियम चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी कागदावर लिहून सर्वांना वाचून दाखवावेत. मानांकन कोणत्या आधारे दिले, पुढे चाल कोणाला आणि का, गुण सारखे झाले तर काय पाहायचे, हे सारे सामन्यांआधी ठरलेले असावे. नंतर ठरवलेला चांगला नियमही संशयास्पद वाटतो.

त्या नववीतल्या मुलीला आज आम्ही हसून वाटेला लावणार नाही. तिच्या हाती गेल्या वर्षीची भाग्यपत्रिका देऊ आणि सांगू, की आपल्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत पोचायला किती सामने जिंकायला हवे होते आणि पुढे चाल मिळालेल्या संघाला किती, ते मोज. वाचक शिक्षकांनीही आपापल्या तालुक्याची भाग्यपत्रिका मिळवून मुलांकडून हे करून घ्यावे. पुढच्या हंगामाच्या बैठकीत तो कागद पुढे ठेवता येईल.